मशीन धूर ओढत नाही? आधी मापाची टेप लावून बघा

वेल्डिंगचा धूर ओढणारे आमचे मशीन घेतलेल्या ग्राहकांचा ठरलेला फोन असतो : "मशीन चालू आहे, पण धूर ओढत नाही." माणूस पाठवला की बहुतेक वेळा मोटर ठीक असते, फिल्टरही स्वच्छ असतो. हूड, म्हणजे धूर ओढून घेणारे तोंड, मात्र वेल्डरच्या डोक्यावर तीन फुटांवर अडकवलेले असते. धूर वर जातो म्हणून हूडही वर! पण जोड आणि हूड यांच्या मध्ये वेल्डरचे तोंड असते, आणि धूर त्याच्या नाकावरूनच वर जातो.

हूड जोडापासून वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटरवर हवे. वेल्डरच्या समोरच्या बाजूला, जोडाहून थोडे वर. जोडापाशी हवेला सेकंदाला अर्धा मीटर वेग मिळायचा, तर हूडच्या १५० मिलिमीटरच्या साध्या गोल तोंडातून २५ सेंटिमीटरवर तासाला सुमारे १,१५० घनमीटर हवा ओढावी लागते. तेच तोंड ५० सेंटिमीटरवर नेले की सुमारे ४,५०० लागते. मोठी मोटर आम्ही आनंदाने देऊ, पण हूड वीतभरावर आणायला पैसे पडत नाहीत. वेल्ड फूटभर पुढे गेला की हूडही सरकवा. आमच्या मशीनचा हूड धरणारा हात सांध्यांवर फिरतो तो त्यासाठीच.

खात्री करायची तर वेल्डिंग बंद ठेवून मशीन चालू करा आणि जोडाच्या जागी पेटती उदबत्ती धरा. धुराची रेघ सरळ हूडकडे वळली पाहिजे. सीओटू वेल्डिंगमध्ये जोडाला हवेपासून वाचवणारा गॅस ओढला जाऊन वेल्डला भोके पडू लागली, तर हूड ५ सेंटिमीटर मागे घ्या. मशीन बंद करू नका. पाठीमागून पेडेस्टल पंखा लावू नका. माणसाच्या अंगाला वळसा घालून आलेली हवा त्याच्या छातीपुढे भोवरा करते आणि धूर तोंडाशीच फिरत राहतो.

एवढा आग्रह धुरातल्या मँगनीज या धातूमुळे. धुरातील बहुतेक धातू रॉड किंवा वायरमधून येतो. मँगनीज २,०६१ अंशांना उकळते, लोखंड २,८६२ अंशांना. म्हणून रॉडमध्ये मँगनीज थोडे असले तरी धुरात त्याचे प्रमाण वाढते. दगड फोडणाऱ्या क्रशरच्या जबडा प्लेटवर हार्डफेसिंग (झिजू नये म्हणून वर कठीण धातूचा वेल्डचा थर) करणाऱ्यांनी विशेष जपावे, त्या पोलादातच ११ ते १४ टक्के मँगनीज असते. गेट-रेलिंगसाठी २०२ किंवा जे-४ जातीचे स्टेनलेस वापरणाऱ्यांनीही, त्यातही मँगनीज जास्त असते.

"आमच्याकडे कुणाला ताप आला नाही," असे ऐकायला मिळते. ताप गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरील जस्ताने येतो, रात्री चढतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. मँगनीज असे कळत नाही. ते मेंदूत हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात हळूहळू साठते. आधी चिडचिड, झोप बिघडणे, हात मंद होणे, अक्षर बारीक होत जाणे. पुढे उलटे चालताना तोल जातो. काम सोडले तरी हे सगळे भरून निघेलच असे नाही. कळवण्याजोग्या व्यावसायिक रोगांच्या यादीत ही विषबाधा आहे. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ पासून श्वासातून खोल जाणाऱ्या कणांसाठी घनमीटरमागे फक्त ०.०२ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. असे कोणी दिसले तर डॉक्टरांना 'वेल्डिंग करतो' हे आवर्जून सांगा.

गूळ-दूध खुशाल द्या, पण त्याने मँगनीज अडत नाही. शरीरात लोह कमी असले की मात्र ते जास्त शोषले जाते, म्हणून वेल्डरचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. रुमालातून हे कण आरपार जातात. टाकीच्या आत किंवा हूड पोचत नाही अशा ठिकाणी आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा, बारीक कण गाळणारा एफएफपी-२ मास्क कमीत कमी हवा, तोही दाढीवर नीट बसत नाही. टाकीत काम असेल तर ताजी हवाही आत सोडावी लागते.

फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने झाडू नका. फिल्टरचा कागद फाटतो आणि महिनाभर पकडलेली धूळ पुन्हा शेडमध्ये उडते. मशीनवरच्या, फिल्टर तुंबल्याचे दाखवणाऱ्या गेजचा काटा लाल पट्ट्यात गेला की मास्क लावून फिल्टर काढा, पिशवीत बांधा आणि नवा बसवा. दोन फिल्टर जवळ ठेवलेत तर काम थांबत नाही.

दोष मशीनचा निघाला तर व्हिजिटचे पैसे आम्ही घेत नाही. हूड लांब असल्याचे निघाले तर घेतो. माणसाचा अर्धा दिवस त्यात जातो आणि खरोखर बंद पडलेल्या मशीनवाल्याला थांबावे लागते. म्हणून फोन करण्याआधी जोड आणि हूड यांच्या मध्ये टेप धरून एक फोटो पाठवा. टेपवरचा आकडा वाचता आला पाहिजे.