तेलाचा तवंग आणि सोडियमचा दिवा

पावसाळ्यात कर्वे रोडच्या सिग्नलला थांबलं की डांबरावरच्या पाण्यात तेलाचा तवंग दिसतो. जांभळा, हिरवा, सोनेरी. तवंगाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग उठतात, काही विझतात. हे व्यतिकरण. पण खिडकीच्या काचेलाही दोन पृष्ठभाग असतातच की! तिच्यात रंग का नाहीत?

प्रॅक्टिकलच्या आधी मी हे एस.वाय.च्या मुलांना विचारतो. ‘काच जाड असते, सर.’ बरोबर, पण जाडीनं बिघडतं काय?

नदीपात्रात दोन ढोलपथकांचा सराव शेजारीशेजारी चालला की ठेका कळत नाही, नुसता गलका. भिंतीवर दोन बॅटऱ्या मारल्या तर व्यतिकरणाचे उजळ-काळे पट्टे दिसत नाहीत ते यामुळेच. म्हणून थॉमस यंग या शास्त्रज्ञानं एकाच प्रकाशाचे दोन भाग केले: एकच पथक आणि पुलावर आपटून आलेला त्याचाच आवाज. मात्र तो आवाज परत येईपर्यंत पथकानं ताल बदलला, तर पुन्हा गलकाच. ताल किती अंतर टिकतो, ती त्या प्रकाशाची सुसंगती. पांढऱ्या प्रकाशाची जेमतेम १ मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तवंग त्यात बसतो. ४ मिमी काचेत आत जाऊन परतणारा प्रकाश मात्र १२ मिमी मागे पडलेला असतो.

खरी गंमत मायकेल्सनच्या इंटरफेरोमीटरवर. हे यंत्र प्रकाशाचे दोन भाग करतं आणि दोन आरशांवरून परतवून ते पुन्हा एकत्र आणतं. सोडियमच्या पिवळ्या दिव्यात गोल कडी दिसतात. स्क्रू हळूहळू फिरवत एक आरसा सरकवला की कडी फिकी होत होत पुसून जातात. ‘सर, कुणीतरी टेबल हलवलं!’ दर वर्षी हेच. मी म्हणतो, फिरवत राहा. कडी परत येतात. तो पिवळा एक नसून दोन आहेत, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीचे. एकाची कडी दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत पडली की सगळं सपाट. अशा दोन सपाट जागांमध्ये आरसा सुमारे ०.२९ मिमी सरकतो, आणि त्यावरून दोन पिवळ्यांमधला फरक काढता येतो.

गेल्या वर्षी एकीला सरासरी ०.३० मिमी मिळाली, म्हणजे फरक ०.५८ नॅनोमीटर. जर्नलमध्ये तिनं पुस्तकातलं ०.६० लिहिलं होतं. मी खोडायला लावलं.