शिरेवाटे दिली जाणारी भुलीची औषधे व रक्ताभिसरण

शिरेत टोचल्यावर शुद्ध हरपवणाऱ्या किंवा गुंगी आणणाऱ्या औषधांचा हृदयाची गती, हृदयस्नायूचा जोर, रक्तवाहिन्यांचा ताण आणि रक्तदाब यांवर होणारा परिणाम. थायोपेंटोन, प्रोपोफॉल, एटोमिडेट, केटामीन, मिडॅझोलाम आणि डेक्समेडेटोमिडीन ही या गटातील मुख्य औषधे. शस्त्रक्रियेत रक्तदाब सर्वांत जास्त घसरण्याचा धोका बहुधा भूल चढल्यावर आणि पहिला छेद घेण्याआधी असतो, कारण औषधाचा अंमल पूर्ण असतो आणि शरीराला डिवचणारे काहीच घडत नसते.

हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते आणि रोहिण्या त्याला किती अडवतात, या दोहोंवर रक्तदाब ठरतो. हृदय तरी तेवढेच बाहेर टाकणार, जेवढे शिरांतून परत येईल. शरीरातले जवळपास दोन-तृतीयांश रक्त शिरांमध्येच असते. जागेपणी अनुकंपी चेतासंस्था (धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारे, आपोआप चालणारे मज्जातंतूंचे जाळे) या शिरा आणि रोहिण्या सतत थोड्या आवळून धरते. भुलीचे औषध हा आवळ सैल करते; शिरा फुगतात, रक्त तिथेच साठते आणि हृदयाकडे कमी परतते. हृदयस्नायूवर औषधाचा थेट परिणामही होतो, पण नेहमीच्या मात्रेत मोठा वाटा बहुतेक वेळा या सैलावण्याचा असतो.

म्हणून दाब किती पडेल हे औषधाच्या नावाइतकेच, रुग्ण त्या क्षणी अनुकंपी चेतासंस्थेच्या किती आधारावर तग धरून आहे, यावर अवलंबून असते. पोटात रक्तस्राव चालू असलेल्या तरुणाचा वरचा रक्तदाब ११० दिसतो, नाडी मात्र १३० असते. तो ११० आवळलेल्या वाहिन्यांनी पेललेला असतो. त्याला निरोगी माणसाची मात्रा दिली की हा आधार काढून घेतला जातो आणि दाब कोसळतो. भुलीआधी नाडी, हातापायांचा गारवा आणि लघवीचे प्रमाण पाहणे रक्तदाबाच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे, ते यासाठी.

हा धडा थायोपेंटोनच्या काळातच मिळाला. ते १९३४ मध्ये वापरात आले. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर झालेल्या हल्ल्यातील जखमींना ते दिल्याने असंख्य मृत्यू झाले, असे पुढे वर्षानुवर्षे सांगितले गेले. नंतरच्या तपासणीत ही संख्या फार फुगवलेली आढळली; रक्त गमावलेल्या रुग्णात थायोपेंटोन धोक्याचे ठरते, ही गोष्ट मात्र खरीच राहिली. हे औषध मुख्यतः शिरा सैल करते, हृदयाचा जोर कमी करते, आणि भरपाई म्हणून नाडी वाढते. हृदयाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या रुग्णाला ही वाढलेली नाडी महागात पडते.

आज सर्वाधिक वापर प्रोपोफॉलचा होतो. निरोगी प्रौढात किलोमागे १.५ ते २.५ मिलिग्रॅम मात्रेनंतर वरचा रक्तदाब २५ ते ४० टक्क्यांनी उतरू शकतो. दाब घटला की नाडी वाढवणारा शरीराचा प्रतिक्षेपही प्रोपोफॉल मंदावते, त्यामुळे थायोपेंटोनसारखी भरपाई इथे होत नाही; कधी नाडी उलट संथ होते. अतिदक्षता विभागात ते तासाला किलोमागे ४ मिलिग्रॅमपेक्षा अधिक वेगाने, ४८ तासांहून जास्त काळ चालवल्यास क्वचित एक गंभीर विकार उद्भवतो : रक्त आम्लधर्मी होते, स्नायू विघटित होतात आणि हृदय निकामी होते.

एटोमिडेट अनुकंपी चेतासंस्थेला आणि दाब सावरणाऱ्या त्या प्रतिक्षेपाला जवळजवळ हात लावत नाही, आणि म्हणूनच त्याने दाब फारसा हलत नाही. दुर्बल हृदयासाठी ते सोयीचे. पण मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉल या, ताण सोसायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची निर्मिती ते रोखते, एका मात्रेनेही काही तास. १९८३ मध्ये ग्लासगोच्या अतिदक्षता विभागातून, ते सलग दिलेल्या रुग्णांत मृत्यू वाढल्याची नोंद आली आणि तसा वापर थांबला.

केटामीन १९६४ मध्ये माणसांवर प्रथम वापरले गेले. ते उलट दिशेने जाते : अनुकंपी चेतासंस्थेला उत्तेजित करून नाडी, रक्तदाब आणि हृदयाची ऑक्सिजनची गरज वाढवते. त्यामुळे ते शॉकमधील, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या, रुग्णासाठी सुरक्षित मानले जाते. या विश्वासाला एक मर्यादा आहे आणि ती विसरता कामा नये. हृदयस्नायूवर केटामीनचा थेट परिणाम दुर्बल करणाराच असतो. एरवी उत्तेजनाखाली तो झाकला जातो. दीर्घ आजाराने नॉरॲड्रेनालिन या, अनुकंपी चेतासंस्थेचा संदेश पोचवणाऱ्या रसायनाचा साठा संपलेल्या रुग्णात झाकायला काही उरत नाही, आणि दाब पडतो.

मिडॅझोलाम एकटे सौम्य असते, फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाच्या जोडीने मात्र दाब लक्षणीय उतरवते. डेक्समेडेटोमिडीन झटकन दिल्यास आधी दाब वाढतो, नाडी मंदावते आणि मग दाब उतरतो. म्हणून त्याची पहिली मात्रा दहा मिनिटांत देतात.

वृद्धांत आणि कमकुवत हृदयाच्या रुग्णांत औषध हातातून मेंदूपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो. झोप लागत नाही असे वाटून घाईने दुसरी मात्रा दिली जाते, आणि थोड्याच वेळात दोन्हींचा परिणाम एकत्र दिसतो. थांबत थांबत, थोडी थोडी मात्रा देणे हा त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय. महाधमनीची झडप अरुंद असल्यास रोहिण्यांचा ताण सांभाळणे अत्यावश्यक असते, कारण जाड झालेल्या हृदयस्नायूला त्याचे स्वतःचे रक्त मुख्यतः खालच्या रक्तदाबाच्या बळावर मिळते. अशा वेळी फिनाइलेफ्रीन किंवा नॉरॲड्रेनालिन ही रक्तवाहिन्या आवळणारी औषधे सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवतात आणि पहिला थेंब टोचण्याआधीच रोहिणीत नळी घालून प्रत्येक ठोक्याचा दाब पडद्यावर घेतात.