आफ्रिकेत राजदूत व्हायचंय? आधी दहावीचं प्रमाणपत्र शोधा

‘आफ्रिकेसाठी वेगळा फॉर्म असतो का?’ असं मुलं विचारतात. नसतो. औंध संस्थानचे आप्पासाहेब पंत १९४८ मध्ये भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले, ती नेहरूंची थेट निवड होती. आता परराष्ट्र सेवेचा रस्ता यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून जातो.

भारताचं नागरिकत्व हवं, परराष्ट्र सेवेसाठी त्यात सूट नाही. कुठल्याही शाखेची पदवी चालते. परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्टला वय २१ पूर्ण, पण ३२ पूर्ण झालेलं नको. ओबीसींना ३ वर्षं, अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षं सवलत. खुल्या गटाला ६ प्रयत्न, ओबीसींना ९. फी १०० रुपये. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना माफ. मुख्य परीक्षा मराठीतून देता येते.

आपली मुलं अडकतात ती कागदपत्रांत. जन्मतारखेचा पुरावा म्हणजे दहावीचं प्रमाणपत्र. महापालिकेचा दाखला, प्रतिज्ञापत्र चालत नाही. जन्मपत्रिकाही चालणार नाही, असं जाहिरातीत चक्क लिहिलेलं असतं! (कुणीतरी दिली असणार.) आपल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं आणि आधारवर शेवटी, त्यामुळे अर्जात नाव दहावीप्रमाणेच, अक्षर न अक्षर जुळवून भरा. ओबीसी असाल तर राज्याच्या नमुन्यातला दाखला उपयोगाचा नाही. सेतू केंद्रात ‘केंद्र सरकारच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरसह’ असं स्पष्ट सांगा, आणि हातात पडल्यावर मजकूर तिथेच वाचून घ्या. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) तसंच.

सेवांचा पसंतीक्रम भरताना आयएफएस, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवा, वर ठेवा. हे विसरलात तर चांगली रँक येऊनही उपयोग नाही.

आफ्रिकेची खरी निवड पुढे होते. मसुरीतल्या प्रशिक्षणानंतर दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत प्रशिक्षण होतं आणि एक परकीय भाषा वाट्याला येते. फ्रेंच आली तर सेनेगल, आयव्हरी कोस्ट. पोर्तुगीज आली तर मोझांबिक, अंगोला. अरबी आली तर कैरो, अशी दारं उघडतात. परराष्ट्र मंत्रालयात आफ्रिकेचं काम पाहणारे वेगळे विभाग आहेत. पण सगळी नोकरी आफ्रिकेतच होईल, असं धरून चालू नका. बदल्या जगभर होतात.

आणखी एक कागद, नेमणुकीनंतरचा: घाना किंवा काँगोला जाताना पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड लागतं. प्रवासाला निघण्याच्या किमान १० दिवस आधी लस घ्यावी लागते.