‘ऑथेंटेइन’ : नव्या करारात एकदाच आलेले क्रियापद

स्त्रीने मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शिकवावे की नाही, या ख्रिस्ती जगातल्या जुन्या वादात बायबलच्या नव्या करारातले, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले एक वचन (१ तीमथ्य २:१२) हमखास पुढे येते. स्त्रीने शिकवण्याला आणि पुरुषावर ‘ऑथेंटेइन’ करण्याला तिथे मनाई आहे. अडचण अशी, की हे ग्रीक क्रियापद अख्ख्या नव्या करारात फक्त याच ठिकाणी येते. अधिकारासाठी नेहमीचा शब्द ‘एक्सुसिया’. तो शंभराच्या आसपास वेळा आढळतो. करिंथकरांना लिहिताना प्रेषित पौल, ज्याच्या नावाने तीमथ्याचे पत्रही आहे, त्याच कुळातले क्रियापद वापरतो आणि पतीचा पत्नीच्या शरीरावर जसा अधिकार, तसाच पत्नीचाही पतीच्या शरीरावर, असे सांगतो (१ करिंथ ७:४). मग तीमथ्याच्या पत्रात हा आडवळणाचा शब्द का?

‘ऑथेंटेस’ हे नाम ग्रीक शोकांतिकांत खुन्यासाठी, विशेषतः आप्तांच्या खुन्यासाठी येते. पुढे त्याला ‘धनी’ असा अर्थ चिकटला. ‘साहेब’ या अर्थाचा तुर्की ‘एफेंदी’ त्यातूनच निघाला. क्रियापदाचे जुने दाखले मात्र मोजकेच. इजिप्तमधल्या, इ. स. पूर्व २७ च्या सुमाराच्या पपायरसवर (लव्हाळ्याच्या कागदावर) लिहिलेल्या एका पत्रात नावाड्याच्या भाड्यावरून तंटा आहे. लिहिणाऱ्याने आपले म्हणणे रेटले आणि समोरचा पैसे द्यायला कबूल झाला, तिथे हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ ‘जोर केला’ की ‘अधिकार वापरला’, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो ख्रिस्ती धर्मोपदेशक ख्रिसोस्तोम. चौथ्या शतकाच्या अखेरीस, नव्या करारातल्या कलस्सैकरांस पत्रावरच्या प्रवचनात तो नवऱ्यांना बजावतो, की बायको अधीन आहे म्हणून तिच्यावर ‘ऑथेंटेइन’ करू नका. ग्रीक ही त्याची मातृभाषा. नवऱ्याला अधिकार आहे असे मानणारा हा माणूस त्यालाच ज्याची मनाई करतो, तो साधा रास्त अधिकार कसा असेल?

व्हल्गेट या बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतराने तीमथ्याच्या वचनात हुकूमत गाजवण्याचा शब्द घातला, तर १६११ च्या इंग्रजी बायबलने अधिकार बळकावण्याचा. विसाव्या शतकातल्या अनेक भाषांतरांत ही धार बोथट होऊन नुसते ‘अधिकार असणे’ उरले आणि मनाई आणखी रुंदावली.

स्त्रीने पुरुषांना शिकवण्याबद्दलचा संकोच पंडिता रमाबाईंच्याही वाट्याला आला. १८८४-८५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्याचा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावात राहून हिब्रू आणि ग्रीक मुळावरून संपूर्ण बायबल मराठीत आणले, तीमथ्याच्या या पत्रासकट.