मऊ दगडाच्या पातळ लाद्या कापणे

उठावशिल्प, जाळीकाम किंवा मुद्रा कोरण्यासाठी मऊ दगडाच्या ठोकळ्यातून सारख्या जाडीची सपाट लादी करवतीने वेगळी काढण्याची ही क्रिया आहे. त्यासाठी संगजिरे (मुख्यतः टाल्क खनिजाचा दगड), अलाबास्टर (जिप्सम खनिजाचा दगड) आणि मऊ चुनखडक (मुख्यतः कॅल्साइट खनिजाचा दगड) विशेष वापरले जातात. मोह्स काठिण्यश्रेणीत (1 सर्वांत मऊ, 10 सर्वांत कठीण) टाल्क 1, जिप्सम 2 आणि कॅल्साइट 3 या पायऱ्यांवर असल्याने साध्या पोलादी करवतीचे दाते या दगडांत सहज उतरतात. क्वॉर्ट्झ या कठीण खनिजाचे कण असलेल्या दगडात मात्र ते लवकर बोथट होतात. सिंधू संस्कृतीच्या चौकोनी मुद्रा बहुतांशी संगजिऱ्याच्याच आहेत. तो दगड कापून, कोरून मग भाजला जाई. तीव्र उष्णतेने टाल्कचे कठीण खनिजात रूपांतर होते आणि मऊपणी कोरलेली रेषा टिकते.

कापणीचे यश करवतीपेक्षा दगडाच्या पारखीवर अधिक अवलंबून असते. ठोकळा ओला केला, की तो वाळताना बारीक भेगा गडद रेषांसारख्या उठून दिसतात. थर असलेल्या दगडात ते लादीच्या पृष्ठभागाला समांतर राहतील असाच काप घ्यावा. थर जाडीतून आरपार गेले, तर थोड्याशा दाबानेही लादी तेथेच तुटते. वाकवणारा भार सोसण्याची लादीची क्षमता जाडीच्या वर्गानुसार बदलते, म्हणजे जाडी निम्मी झाली की ही क्षमता सुमारे एक-चतुर्थांश उरते. म्हणून कोरल्यानंतर शिल्लक राहणारी जाडी धरूनच आखणी करणे शहाणपणाचे ठरते.

कापाची रेषा ठोकळ्याच्या चारही बाजूंनी आखून तिच्यावर उथळ खाच पाडतात आणि ठोकळा फिरवत प्रत्येक बाजूने थोडे थोडे कापत जातात, कारण एकाच बाजूने खोल नेलेली करवत नकळत तिरकी होते. लादीला ठोकळ्याशी धरून ठेवणारा, न कापलेला शेवटचा जोड सर्वांत नाजूक असतो. सुटत आलेल्या लादीचे वजन त्यावर लोंबले, तर तिचा कोपराच निखळतो, म्हणून लादीला वाळूच्या पिशवीचा आधार देतात.

काही संगजिऱ्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू आढळत असल्याने कोरडी कापणी टाळणे आणि योग्य मुखपट्टी वापरणे अत्यावश्यक आहे. अलाबास्टरच्या बाबतीत पाणी बेताने वापरावे, कारण जिप्सम पाण्यात किंचित विरघळते. उलट घर्षणाने ते फार तापले, तर त्यातील बद्ध पाणी निघून जाते आणि दगडाची अर्धपारदर्शकता हरवून तो पांढुरका पडतो. कापलेली लादी शेवटी जाड, सपाट काचेवर कार्बोरंडम या कठीण, घासण्याच्या पदार्थाची पूड व पाणी घालून घासली जाते, त्यामुळे करवतीचे चरे निघून कोरण्याजोगा समतल पृष्ठभाग मिळतो.