चकचकीत रायफल म्हणजे किमती रायफल?

निफाड-दिंडोरीकडच्या परवानाधारक शेतकऱ्यांत एक समज घट्ट बसलाय: जुनी रायफल नव्यासारखी चमकली की तिचे पैसे जास्त. खरं तर बहुतेकदा उलटंच असतं. जुन्या रायफलीला नवी पॉलिश चढवली की मूळ ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा गंज रोखणारा निळसर-काळा थर, जातं आणि जाणकार गिऱ्हाईक तिथेच भाव पाडतो.

रायफल रिकामी असल्याची आधी खात्री करा. मग कारखान्याचा शिक्का आणि नंबर उजेडात धरून पाहा. अक्षरांच्या कडा बोथट, उथळ झाल्या असतील, तर ती घासून काढलेली आहे. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) आणि मुख्य भागावरचे नंबर जुळतात का, तेही बघा. जुळले नाहीत तर भाव उतरतो, आणि बोल्ट नीट बसतो का हे बंदूक-कारागिराकडून तपासल्याशिवाय ती चालवू नये. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे नळी. बोल्ट काढून, नळी पुसून आरपार पाहा. आतले पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, धारदार हवेत, गंजाचे खड्डे नकोत. दस्त्यावरचे ओरखडे मात्र खुशाल सोडून द्या.

आणि कागद! दोन परवानाधारकांतल्या विक्रीतही जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. नाशिक शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे आहे. परवान्यावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर वेगळा निघाला, तर इसार देऊच नका.