वागाडुगूचा फेस्पाको आला तरी कुठून

दर दोन वर्षांनी, म्हणजे विषम आकड्याच्या वर्षी, फेब्रुवारीच्या शेवटी बुर्किना फासो या देशाची राजधानी आठवडाभर सिनेमाच्या नादात असते. शहराचं नाव वागाडुगू, तिथले लोक नुसतं वागा म्हणतात. सहारा वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या हार्मातान वाऱ्याची धूळ, जिकडे बघावं तिकडे मोपेड, 'माकी' म्हणजे उघड्यावर टेबलं टाकून बसलेले बार-कम-खानावळी, आणि तिथे भाजून मिळणारी 'सायकल कोंबडी'. ही म्हणजे आपली गावठी कोंबडीच, गावाकडून सायकलला उलटी टांगून बाजारात यायची म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. या सगळ्यात थिएटरबाहेर रांगा, उद्घाटनाला घोडेस्वार, रात्री चौकाचौकात गाणीबजावणी. याचं नाव फेस्पाको. पूर्ण नाव फ्रेंचमध्ये लांबलचक आहे, वागाडुगूचा अखिल आफ्रिकी सिनेमा आणि टेलिव्हिजन महोत्सव असा त्याचा अर्थ.

मी हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला की इथेच का? समुद्र नाही, पैसा नाही, जगातल्या सगळ्यात गरीब देशांच्या यादीत कायम नाव, आणि सगळ्यात गंमत म्हणजे १९६९ मध्ये हा उत्सव सुरू झाला तेव्हा या देशाने स्वतःचा एकही फीचर फिल्म काढलेला नव्हता. घरात मुलगी नाही आणि मांडव घातला, तसं. पण मागे गेलं की कळतं, हे सगळं पडदा कोणाच्या मालकीचा यावरून सुरू झालंय.

तर मागे म्हणजे १९३४ पर्यंत. हा सगळा भाग तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. त्या साली फ्रान्सचे वसाहत मंत्री होते पिएर लावाल, त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक हुकूम निघाला. फ्रेंच वसाहतीत कॅमेरा लावायचा तर आधी परवानगी, स्क्रिप्ट दाखवा, लोक कोण ते सांगा. कागदावर हा नियम सगळ्यांना होता, पण आफ्रिकी माणसाने आपल्याच गावात शूटिंग करायचं म्हटलं की दार बंद. रेने वोतिये नावाच्या एका फ्रेंच पोराने १९५० च्या सुमारास परवानगी धाब्यावर बसवून वसाहतीतल्या जुलमावर डॉक्युमेंटरी केली, तर तो जेलमध्ये गेला आणि त्याच्या फिल्मवर चाळीसेक वर्षं बंदी राहिली. पोलिन व्हिएरा हा पॅरिसच्या फिल्म स्कूलमध्ये शिकलेला आफ्रिकी माणूस, त्याला आफ्रिकेत शूटिंगची परवानगी मिळेना, मग १९५५ मध्ये त्याने आणि त्याच्या मित्रांनी पॅरिसमधल्याच आफ्रिकी लोकांवर छोटी फिल्म काढली. म्हणजे आफ्रिकी सिनेमाची सुरुवात जी सांगतात ती सेन नदीच्या काठावर!

सहाराच्या खालच्या आफ्रिकेत, आफ्रिकी माणसाने आफ्रिकेतच बनवलेला पहिला महत्त्वाचा सिनेमा म्हणून ज्याचं नाव घेतात तो आला १९६३ मध्ये, सेनेगलच्या उस्मान सेम्बेनचा, डाकारमधल्या एका घोडागाडीवाल्याच्या एका दिवसावर. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशनला लागला होता. मध्ये बरोबर पन्नास वर्षं. आपणही गुलामच होतो, पण फाळक्यांना कॅमेरा लावायला अशी बंदी नव्हती, हा फरक मला तरी फार मोठा वाटतो.

सेम्बेन हा फ्रान्समधल्या मार्से बंदराच्या गोदीत काम केलेला माणूस. गोदी कामगार, युनियनवाला, मग कादंबरीकार. पण कादंबऱ्या फ्रेंचमध्ये, आणि ज्यांच्यावर लिहिल्या त्यांना वाचता येत नाहीत, हे लक्षात आल्यावर चाळिशीच्या उंबरठ्यावर मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकून आला. सिनेमा म्हणजे लोकांची रात्रशाळा, असं तो मानायचा. १९६८ मध्ये त्याने वोलोफ या सेनेगलच्या लोकभाषेत फीचर फिल्म केला. आता सिनेमा तयार झाला, पण दाखवायचा कुठे?

इथे खरा घोळ. देश १९६० मध्ये स्वतंत्र झाले, झेंडे बदलले, पण थिएटरं तशीच राहिली. फ्रेंच बोलणाऱ्या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं वितरण कोमासिको आणि सेक्मा या दोन कंपन्यांच्या हातात. त्या घाऊक भावात फिल्मा आणायच्या, अमेरिकन वेस्टर्न, फ्रेंच मारधाड, इजिप्तचे मेलोड्रामा आणि हो, आपले हिंदी सिनेमे पण. मुंबईत बनलेली गाणी तिकडच्या पोरांना शब्द न कळता पाठ असायची. प्रेक्षक खूश, कंपन्या खूश. फक्त आफ्रिकी सिनेमाला जागा नाही. आफ्रिकी दिग्दर्शकांचे सिनेमे फ्रेंच सांस्कृतिक केंद्रात दाखवले जायचे, म्हणजे ज्यांच्यासाठी काढले ते बाहेर आणि एसीत बसलेले साहेब आत.

आजूबाजूला तेव्हा हवा पण तशीच होती. १९६६ मध्ये डाकारला कृष्णवर्णीय कलांचा मोठा जागतिक उत्सव झाला, अमेरिकेचा जॅझवाला ड्यूक एलिंग्टन तिथे वाजवून गेला. त्याच वर्षी ट्युनिशियात कार्थेजचा फिल्म फेस्टिवल सुरू झाला. जुलै १९६९ मध्ये अल्जिअर्सला अखिल आफ्रिकी सांस्कृतिक उत्सव झाला, तिथे दक्षिण आफ्रिकेची मिरियम मकेबा गायली, अमेरिकेच्या आर्ची शेपने सॅक्सोफोन वाजवला आणि आफ्रिकी सिनेमावाल्यांनी संघटना बांधायचं ठरवलं.

वागा त्याच्या पाच-सहा महिने आधी सुरू झालं होतं. देशाचं नाव तेव्हा अप्पर व्होल्टा. १ ते १५ फेब्रुवारी १९६९, फ्रेंच सांस्कृतिक केंद्राच्याच आवारात, 'आफ्रिकी सिनेमाचा आठवडा' या नावाने, आठवडा म्हणून पंधरा दिवस. काही सिनेमावेडी मंडळी एकत्र आली आणि कमिटीच्या अध्यक्षपदी होत्या आलिमाता सालांबेरे, टीव्हीत काम करणाऱ्या एक तरुण बाई, ज्या पुढे मंत्री पण झाल्या. पाच आफ्रिकी देश, २३ सिनेमे. उद्देश साधा होता, आफ्रिकेत आफ्रिकी सिनेमे बनतात हे आफ्रिकी लोकांना दाखवायचं. लोक लोटले.

आणि मग जानेवारी १९७० मध्ये खरी ठिणगी पडली. तिकिटाच्या दरावरून सरकार आणि कंपन्यांची जुंपली आणि जनरल लामिझानाच्या सरकारने सरळ थिएटरंच राष्ट्रीयीकृत करून टाकली. कंपन्यांनी उलट फिल्मा पाठवणंच बंद केलं. थिएटर तुमचं ना, मग दाखवा काय दाखवायचं ते! शेवटी सरकारला परत त्यांच्याशीच बोलणी करावी लागली, कारण नुसत्या आफ्रिकी सिनेमांवर वर्षभर थिएटर चालवण्याइतके सिनेमेच नव्हते. हा धडा सगळ्यांना नीट कळला. पण तिकिटाच्या गल्ल्यातला काही भाग देशी सिनेमा काढण्यासाठी बाजूला पडायला लागला आणि १९७२ मध्ये अप्पर व्होल्टाचा पहिला फीचर फिल्म तयार झाला. म्हणजे आधी मांडव, मग मुलगी, खरंच.

त्याच १९७२ मध्ये ७ जानेवारीच्या सरकारी हुकमाने या उत्सवाला फेस्पाको हे नाव आणि कायमची संस्था मिळाली, आणि बक्षीस सुरू झालं. बक्षीस म्हणजे 'येनेंगाचा घोडा'. ही येनेंगा म्हणजे मोसी या तिथल्या सगळ्यात मोठ्या जमातीच्या दंतकथेतली राजकन्या, बापाच्या सैन्यात घोड्यावर बसून लढणारी, बाप लग्नच करून देईना म्हणून घोड्यावरून पळाली, रानात एका हत्तीच्या शिकाऱ्याला भेटली, त्यांना मुलगा झाला त्याचं नाव घोड्यावरूनच वेद्राओगो ठेवलं, आणि तोच मोसी राज्यांचा मूळपुरुष. आजही त्या देशात निम्म्या लोकांचं आडनाव वेद्राओगो असावं असं वाटतं, इतकं ते कॉमन आहे. पहिला घोडा गेला नायजरच्या उमारू गांदाला. हा पण गोदीत काम केलेलाच! एका फ्रेंच दिग्दर्शकाने आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरात त्याच्यावर फिल्म केली होती, ती त्याला स्वतःला पटली नाही, म्हणून तो स्वतःच कॅमेऱ्यामागे गेला. आफ्रिकी सिनेमाचा अख्खा इतिहास याच एका चिडीवर उभा आहे असं मी म्हणेन.

पुढे मध्ये खाडे पडत पडत १९७९ पासून दोन वर्षांचं चक्र बसलं. सम वर्षी कार्थेज, विषम वर्षी वागा, अशी वाटणी बरीच वर्षं टिकली.

फेस्पाकोला अंगात वारं भरल्यासारखं झालं ते थॉमस सांकाराच्या काळात. ऑगस्ट १९८३ मध्ये ३३ वर्षांचा हा कॅप्टन सत्तेत आला, वर्षभरात देशाचं नाव बदलून बुर्किना फासो केलं, म्हणजे सरळ मानेने जगणाऱ्यांचा देश. स्वतः गिटार वाजवायचा. त्याला सिनेमाची ताकद बरोबर कळली होती. १९८५ च्या फेस्पाकोत देशभर लोक श्रमदानाने रेल्वेचे रूळ टाकत होते, तर आलेले दिग्दर्शक पण गेले आणि त्यांनीही रूळ टाकायला हात लावला. फिल्म फेस्टिवलला जाऊन रूळ टाकणे, कल्पना करा! १९८७ मध्ये आफ्रिकेबाहेरच्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकांसाठी अमेरिकेचा कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोबसन याच्या नावाने बक्षीस सुरू झालं, आणि शहराच्या मध्यात सिनेमावाल्यांचा चौक झाला, ज्याचं स्मारक कॅमेऱ्याच्या लेन्सा एकावर एक रचल्यासारखं दिसतं. फेस्पाकोत दिग्दर्शक हातात हात धरून त्याच्याभोवती फिरतात आणि गेलेल्या सहकाऱ्यांच्या नावाने जमिनीवर पाणी सोडतात. तर्पणच म्हणा की.

त्याच वर्षीचा घोडा गेला मॉरिटानियाच्या मेद होंडोला. फ्रेंच फौजेला भिडलेल्या राणी साराउनियावर त्याने सिनेमा काढला, नायजरमध्ये शूटिंग होणार होतं ते फिसकटलं, मग सांकाराच्या बुर्किनाने जागा आणि मदत दिली. हा होंडो पॅरिसमध्ये पोटासाठी डबिंग करायचा, फ्रान्समधल्या लोकांना हॉलिवूडच्या एडी मर्फीचा आवाज म्हणून जो माहीत आहे तो याचाच. स्वतःच्या सिनेमाला थिएटर मिळत नाही आणि आवाज मात्र देशभर ऐकू येतोय. आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला सांकाराचा खून झाला, सत्ता त्याच्याच मित्राकडे, ब्लेझ काँपाओरेकडे गेली. फेस्पाको मात्र चालू राहिला, उलट मोठा होत गेला, फिल्म आर्काइव्ह आलं, बुर्किनाच्याच इद्रिसा वेद्राओगोने १९९१ मध्ये आणि गास्तों काबोरेने १९९७ मध्ये घोडा घरातच ठेवला.

पण नव्वदीत खाली जमीन सरकत होती. जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या अटींमुळे सरकारी खर्चाला कात्री लागली, व्हिडिओ आला, अनेक आफ्रिकी शहरांत थिएटरं बंद पडून गोडाऊन किंवा प्रार्थनास्थळं झाली. नायजेरियात पोरं स्वस्त व्हिडिओवर धडाधड सिनेमे काढून कॅसेटी विकत होती आणि फेस्पाको मुख्य स्पर्धेला ३५ एमएमची प्रिंटच पाहिजे म्हणून अडून बसला होता, ते २०१५ पर्यंत! त्या प्रिंटचा खर्च बहुतेकदा युरोपच्या पैशातून यायचा, म्हणजे फिरून तिथेच. हा हट्ट मला कधी पटला नाही. दुसरी गोष्ट, बक्षीस एका बाईच्या नावाने, पहिल्या कमिटीची अध्यक्ष बाई, पण २०२५ पर्यंत एकाही बाईला सोन्याचा घोडा मिळालेला नाही. २०१३ मध्ये सगळ्या ज्युरींच्या अध्यक्ष बायका नेमल्या, तरी नाही.

मग २०१४ मध्ये जनतेने काँपाओरेला पळवून लावलं, २०१६ मध्ये वागातल्या हॉटेलवर दहशतवादी हल्ला झाला, २०२२ मध्ये एकाच वर्षात दोनदा सत्तापालट. कोविडमुळे २०२१ चा फेस्पाको ऑक्टोबरवर गेला, पण झाला. रस्त्यावर बंदूकधारी जवान, बॅगा तपासून आत सोडणं, आणि तरी रांगा त्याच.

२०२५ च्या ज्युरीचे अध्यक्ष होणार होते मालीचे सुलेमान सिसे, ज्यांनी १९७९ आणि १९८३ असा दोनदा घोडा जिंकलेला. उद्घाटनाच्या तीन दिवस आधी, १९ फेब्रुवारीला, ते बामाकोमध्ये गेले. आणि त्या वर्षीचा घोडा २८ वर्षांनी परत बुर्किनाकडे आला, दानी कुयातेच्या मोरे म्हणजे मोसी लोकांच्या भाषेतल्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमाला, जो मुळात शेक्सपिअरच्या मॅकबेथवरून केलाय, म्हणजे भविष्यवाणी ऐकून राजाला मारणाऱ्या सेनापतीची गोष्ट. वागाच्या प्रेक्षकांना ती काही फारशी परकी वाटली नसणार.